घरात कुठे ठेवलंय?

मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात, घरच्या घरी बिअर बनवणाऱ्यांना सामान विकणाऱ्या एका दुकानात मी काही वर्षं शनिवार-रविवार काउंटरवर काम केलं. मोड आणून वाळवलेल्या सातूची, म्हणजे माल्टची पोती, हॉप्सच्या हिरव्या गोळ्या, फ्रिजमध्ये यीस्टची पाकिटं, पाच गॅलनचे काचेचे बुधले, रबरी नळ्या, बाटल्यांची बुचं, असा सगळा माल. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून प्रयोगशाळेत नोकरी केलेली असल्यामुळे यीस्टशी माझी जुनी ओळख होती. बिअर मात्र इथे येऊन शिकले. आधी वासाने, मग चवीने.

हिवाळा हा या लोकांचा हंगाम. उन्हाळ्यात इथला माणूस घरात सापडत नाही. तो तळ्यावर असतो, नाहीतर अंगणात. पडलेलं बर्फ वितळेनासं झालं की तो घरात येतो आणि मोठं पातेलं शोधायला लागतो. डिसेंबर उजाडला की काउंटरपुढे एकच तक्रार यायची. "आंबतच नाहीये. एअरलॉकमधून बुडबुडे येत नाहीत. यीस्ट खराब होतं का?"

एअरलॉक म्हणजे बुधल्याच्या तोंडावरचं, पाणी भरलेलं झाकण. यीस्ट बहुतेक वेळा चांगलंच असायचं, फक्त गारठलेलं. एल जातीच्या बिअरचं यीस्ट १८ ते २१ अंश सेल्सिअसला छान काम करतं. १४-१५ च्या खाली गेलं की सुस्तावतं, पुंजके होऊन तळाशी बसतं आणि साखर तशीच शिल्लक राहते. म्हणून मी विचारायचे, "घरात कुठे ठेवलंय?"

या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणारा माणूस मला भेटला नाही. आधी प्रत्येक जण थर्मोस्टॅटवरचा आकडा सांगायचा. ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २०. पण थर्मोस्टॅट असतो दिवाणखान्याच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. बुधला असतो तळघरात, सिमेंटच्या फरशीवर, बाहेरच्या भिंतीला टेकून, आणि तिथे पारा १३ वर. शिवाय आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. पहिले दोन-तीन दिवस बुधल्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी वर असू शकतं, तेव्हा सगळं जोरात चाललेलं दिसतं. मग साखर कमी होते, ऊब ओसरते, आणि शेवटचं काम उरलेलं असतानाच यीस्ट झोपी जातं. हे समजावून सांगायचं तर मला त्यांचं घर माहीत हवं. कुठल्या खोलीत? तिथे गरम हवेचं व्हेंट आहे का? ते उघडं आहे का? रात्री थर्मोस्टॅट कितीवर आणता? घरात आणखी कोण असतं? माझे प्रश्न तापमानाचे होते, पण उत्तरं देता देता माणसं घर दाखवायची. मिनेसोटातले लोक स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत. हवामानाबद्दल, गाडी सुरू होण्याबद्दल, तळ्यावर बर्फ किती इंच जाड झालंय याबद्दल तासभर बोलतील. बिअरच्या बुधल्यामुळे मात्र ते आतल्या खोल्यांपर्यंत येऊन पोचत.

रेल्वेत काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या पोर्टर जातीच्या बिअरची घनता १.०२४ वर येऊन अडकली होती, ती १.०१४ च्या आसपास यायला हवी होती. कुठे ठेवलंय, विचारलं. "मुलीच्या खोलीत. ती कॉलेजसाठी डुलुथला गेली." हीटिंगचं बिल वाचावं म्हणून त्यांनी त्या खोलीचं व्हेंट बंद केलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. मी सांगितलं, व्हेंट उघडा, दारही उघडं ठेवा, आणि बुधला हलक्या हाताने गोल फिरवा म्हणजे तळाचं यीस्ट पुन्हा वर येईल. पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा घनता उतरली होती. दार आता उघडंच ठेवतो, म्हणाले, आणि मुलीच्या भिंतीवरची चित्रं किती जुनी आहेत त्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले.

रात्रपाळी करणारी एक नर्स होती. ती दिवसा झोपायची म्हणून घर दिवसा उबदार आणि रात्री थंड. बाकीच्यांच्या अगदी उलट. तिच्यासाठी आम्ही दोघींनी बसून वेळापत्रक आखलं : बुधल्याला गुंडाळायचा विजेचा पट्टा टायमरवर लावायचा, ती कामावर निघाली की सुरू, परतली की बंद. तिनेच मला विचारलं की तू घरी काय आंबवतेस. मी इडलीच्या पिठाबद्दल सांगितलं. मिनेसोटाच्या जानेवारीत ते पीठ ओट्यावर दोन दिवस ठेवलं तरी हलत नाही. मी ते बंद ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा लावून ठेवते. पुढच्या वेळी ती उडदाची डाळ कुठे मिळते ते विचारत आली.

एक तरुण होता, त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी दचकले : घरातच ५५ अंश फॅरनहाइट. म्हणजे १३. इथे इतक्या थंड घरात हौसेने कोणी राहत नाही. नळ गोठू नयेत एवढीच ऊब ती. मी पट्ट्याची किंमत सांगितली तेव्हा तो म्हणाला, नको, सध्या विजेवर चालणारं काही वाढवत नाहीये. त्याने नोकरीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण त्याच्या घरी वाईट बिअर होऊ नये असं मला मनापासून वाटलं. मी म्हटलं, घर गरम करू नका. थंडीत ज्याला जमतं ते यीस्ट वापरा. लागर जातीची बिअर करा.

लागरचं यीस्ट ९ ते १३ अंशांत निवांत काम करतं. ते दोन जातींच्या संकरातून आलेलं आहे. एक आपली नेहमीची, ब्रेडची आणि एलची. दुसरी थंडी सोसणारी रानटी जात, जिचा पत्ता २०११ साली पॅटागोनियातल्या बीच वृक्षांच्या जंगलात लागला. बव्हेरियात १५५३ साली फर्मान निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात कोणी बिअर बनवायची नाही, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. हिवाळ्यातच काम करायचं ठरल्यावर थंडीत टिकणाऱ्या यीस्टची सरशी झाली, आणि माणसाने काय घडतंय ते न कळताच ते पिढ्यान् पिढ्या जपलं. १८८३ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी त्याचं एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध कल्चर वेगळं काढलं, आणि ते इतर कारखान्यांनाही मोकळ्या हाताने दिलं गेलं. विद्यार्थिदशेत मी हान्सेन यांचं नाव परीक्षेसाठी पाठ केलं होतं. काउंटरवर एका थंड घराचा प्रश्न सोडवताना ते नाव उपयोगी पडलं, याचा मला फार आनंद झाला.

आमच्या शहराचाही या गोष्टीशी संबंध आहे. सेंट पॉल मिसिसिपीच्या काठी मऊ वालुकाश्मावर वसलंय. अँथनी योर्ग नावाच्या बव्हेरियातून आलेल्या माणसाने १८४८ साली इथे बिअरचा कारखाना काढला, आणि पुढे त्याच्या घराण्याची बिअर त्या दगडात खोदलेल्या गुहांमध्ये मुरू लागली. गुहेत वर्षभर एकसारखा गारवा असतो. यंत्राने थंडी तयार करायची भरवशाची सोय कार्ल फोन लिंडे यांनी १८७० च्या दशकात केली. त्याआधी नदीचा आणि तळ्यांचा बर्फ कापून साठवणं हाच मुख्य उपाय होता. मी त्या तरुणाला म्हटलं, तुमचं घर म्हणजे सध्या योर्गची गुहा आहे. तेवढ्यावर तो हसला.

लागरला यीस्ट साधारण दुप्पट लागतं, म्हणजे दोन पाकिटं, म्हणजे खर्च. मग मी त्याला तळाचा गाळ वापरायला शिकवलं. पहिल्या खेपेची बिअर काढून घेतल्यावर बुधल्यात जे दाट, सायीच्या रंगाचं यीस्ट उरतं, ते उकळून गार केलेल्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोनेक आठवड्यांच्या आत पुढच्या खेपेला घालायचं. स्वच्छता नीट पाळली तर चार-पाच खेपा एकाच विकत घेतलेल्या यीस्टवर निघतात. दुकानाच्या मालकांना मी हे सांगितल्याचं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर केलंस. तो तरुण मार्चपर्यंत माल्ट घ्यायला येत राहिला. मग एका शनिवारी येऊन म्हणाला, आता घरात ६६ ठेवलंय, एलचं यीस्ट दे. मी पाकीट दिलं. ६६ वर घर आलं म्हणजे काय झालं असेल, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

थंडीचा या कामात एक मोठा फायदाही आहे, आणि त्याबद्दल ही मंडळी अगदी रंगात येऊन बोलतात. माल्ट ६५-६७ अंशांच्या गरम पाण्यात तासभर भिजवून जो गोड काढा निघतो त्याला वर्ट म्हणतात. तो हॉप्स घालून तासभर उकळायचा आणि मग शक्य तितक्या लवकर गार करायचा, कारण कोमट वर्टवर नको ते जंतू झडप घालतात. त्यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं भांड्यात सोडून त्यातून नळाचं पाणी खेळवतात. जुलैत हे काम अर्धा-पाऊण तास चालतं आणि तरी पारा पंचविशीच्या खाली हटत नाही. जानेवारीत नळाचं पाणी हात बधिर करणारं असतं. एकोणीस लिटर वर्ट दहा-पंधरा मिनिटांत यीस्ट घालण्याजोगं होतं. नळीतून बाहेर पडणारं पाणी सुरुवातीला कढत असतं. ते अंगणात सोडलं तर रात्रीत काच होते आणि सकाळी पोस्टमन घसरतो. म्हणून जाणती माणसं ते थेट कपड्यांच्या मशीनमध्ये भरतात. कोणाच्या घरी बिअरच्या दिवशीच चादरी धुतल्या जातात, यावरही गप्पा व्हायच्या.

एका बाबतीत मात्र मी गप्पा थांबवायचे. बाहेर वारा झोंबतो म्हणून कोणी प्रोपेनची शेगडी गॅरेजमध्ये नेऊन दार खाली ओढलं असं सांगितलं, की मी हातातलं काम ठेवायचे. बंद जागेत ती शेगडी कार्बन मोनॉक्साइड साठवते. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखायला लागलं तरी माणसाला वाटतं, वाफेमुळे असेल. दार पूर्ण उघडं हवं, नाहीतर अंगणातच उकळा, नाहीतर वर्ट अर्ध्या प्रमाणात करून स्वयंपाकघरातल्या शेगडीवर उकळा. हे मी प्रत्येकाला सांगितलं, ज्यांना माहीत होतं त्यांनाही.

२०१९ च्या जानेवारीची थंडी इथले लोक विसरणार नाहीत. ३० तारखेला, बुधवारी, पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. मिनेसोटात टपाल वाटप बंद ठेवलं. नैसर्गिक वायूचा पुरवठा अपुरा पडू लागला तेव्हा घरोघरी थर्मोस्टॅट ६३ वर आणा अशी विनंती झाली. त्या शनिवारी दुकानात आलेला प्रत्येक जण तीच कथा सांगत होता, आणि प्रत्येकाच्या कथेत बुधला होता. तापमान झपकन उतरलं की बुधल्यातली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. एका जोडप्याला नुकतं बाळ झालं होतं. त्यांनी घरातली सगळी ऊब एकाच खोलीत आणली होती. बाळ, आजी, कुत्रा आणि स्टाउट बिअरचा बुधला, सगळे त्या खोलीत. रात्रभर एअरलॉकचा टपटप आवाज चालू होता आणि बाळ त्या आवाजावर झोपलं, असं बाळाची आई सांगत होती.

सांगलीला आईला मी या नोकरीबद्दल लगेच सांगितलं नाही. आमच्या शेजारचं एक घर दारूने धुळीला मिळालेलं मी लहानपणी पाहिलंय. त्या घरातल्या बाईंची भांडी मोडीत गेली तो दिवस आईलाही आठवतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून परवान्याशिवाय घरी असं काही बनवणं हा गुन्हाच आहे. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्राची परवानगी मिळाली : एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि थेंबभरही विकायची नाही. हे सगळं आईला समजावलं. ती ऐकून घेऊन गप्प राहिली. मग तिने विचारलं, "एवढ्या थंडीत तिथे आंबतं कसं? कुठे ठेवतात?" ती स्वतः हिवाळ्यात पिठाचा डबा गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीशेजारी ठेवते. त्यानंतर दर फोनला ती माझ्या गिऱ्हाइकांची चौकशी करायला लागली. रेल्वेवाल्यांची मुलगी सुटीत आली का, हेही तिने विचारलं.

आईची काळजी मी कधी बाजूला टाकली नाही. ज्यांना प्यायचं थांबवावं लागलं अशी माणसं आमच्याकडेही होती. एकाने सगळं सामान परत आणलं आणि कारण एका वाक्यात, स्पष्ट शब्दांत सांगितलं. दुकानाने सामान योग्य किमतीला घेतलं. तो मात्र शनिवारी येत राहिला. कॉफी प्यायचा, नव्या लोकांना नळ्या जोडायला मदत करायचा. पुढे त्याने आंबट, खारवलेल्या कोबीची बरणी घालायला सुरुवात केली, जर्मन पद्धतीची. तिलाही १८-२० अंश लागतात. तोही मग इतरांसारखा घरातल्या जागा सांगायला लागला : जिन्याखाली, फ्रिजच्या मागे, बायकोच्या शिवणयंत्राजवळ.

आणि एक निवृत्त शाळामास्तर. कायदा लागू झाला त्या १९७९ सालापासून ते बिअर बनवत होते आणि प्रत्येक खेप वहीत लिहून ठेवत होते : तारीख, घनता, खोलीचं तापमान, कोण पाहुणे आले, बाहेर किती बर्फ. पत्नी गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे हीटिंग भाड्यातच, आणि ते कमी करता येत नाही. बारा महिने ७४. त्यांची हयात लागर करण्यात गेलेली. एका शनिवारी ते आपलं तांब्याचं वेटोळं कोणाला हवंय का ते विचारायला आले. मी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच ते म्हणाले, "ठेवायला जागाच नाही."

रांगेत मागे रेल्वेवाले गृहस्थ उभे होते. दोघांची फक्त तोंडओळख. ते म्हणाले, "माझ्या तळघरात ५२ आहे." बस, एवढंच. इथली माणसं आमंत्रण असंच देतात.

त्या हिवाळ्यात त्या तळघरात पिल्सनर जातीची लागर झाली. मास्तर दिवसाआड संध्याकाळी जाऊन घनता मोजायचे आणि जेवूनच परतायचे. लागर संपत आली की लोण्यासारखा एक वास उरतो, डायअसिटिलचा. तो घालवायला बुधला दोन-तीन दिवस १६-१८ अंशांत ठेवावा लागतो, म्हणजे यीस्ट स्वतःच तो पदार्थ खाऊन टाकतं. त्यासाठी दोघांनी मिळून बुधला जिन्याने वर, मुलीच्या खोलीत नेला. व्हेंट उघडंच होतं. मग पुन्हा खाली, कित्येक आठवडे गारव्यात मुरायला.

फेब्रुवारीत दोघं बरोबर दुकानात आले. मास्तरांना एक शंका होती. कायद्यातली मर्यादा घरागणिक आहे. मग ही बिअर कोणाच्या घरातली धरायची? ज्यांचं सामान आणि कृती, त्या मास्तरांचा फ्लॅट? की रेल्वेवाल्यांचं तळघर? मालक म्हणाले, दोघांची मिळून पन्नास गॅलनही होत नाहीये, कोण विचारतंय. पण मास्तरांना वहीत नोंद नीट हवी होती. काउंटरवर त्यावर बराच वेळ चर्चा झाली. नर्सही होती, कोबीवालाही होता. शेवटी मास्तरांनी वही उघडून त्या खेपेपुढे दोन्ही पत्ते लिहिले, तळघराचं आणि वरच्या खोलीचं तापमान वेगवेगळ्या ओळींत मांडलं, आणि पुढच्या खेपेसाठी साझ हॉप्सची दोन पाकिटं मागितली.